चिंचेखालची बोली

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाबद्दल आमच्या घरी तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. मुलगा अबोल आहे. लोकांच्या बोलण्यात येत नाही. आणि बायकोला जन्मात कधी उलटून बोलणार नाही. सांगणारे मुलाचे मामा होते. त्यांच्या खरेपणाबद्दल मला आजही शंका नाही. तिन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या निघाल्या.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, रत्नागिरीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांनी मला शाळेत मुलांच्या मागे पोत्यावर बसवून लिहायला-वाचायला शिकवलं होतं. त्याचा परिणाम असा झाला, की सोळावं सरत आलं तरी मला कुणी करून घेईना. शिकलेली सून माहेरी पत्रं लिहिते आणि सासूची चहाडी करते, असं आमच्याकडे ठाम मत होतं. अशात मुंबईचं स्थळ आलं. मुलगा परळला गिरणीत विणकर, घरी फक्त विधवा आई. मामा मुलाला घेऊन आमच्या ओटीवर आले.

आबांनी मुलाला विचारलं, "काम फार जड असतं का?"

"सवय झाली आहे," मामा म्हणाले. मुलाने हसून मान डोलावली. आबांनीही डोलावली.

"मुंबईची हवा मानवते का?"

"उत्तम मानवते," मामा म्हणाले. मुलगा पुन्हा हसला, पुन्हा दोघांच्या माना डोलल्या. मी दाराआडून बघत होते. इतक्या थोड्या बोलण्यात एकमेकांना इतकी आवडलेली दोन माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

लग्नात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट निघाला, तरी नवरदेव मान खाली घालून उभेच. मामांनी कोपरखळी मारली तेव्हा कुठे त्यांनी माळ वर केली. वरातीत कुणीतरी अगदी जवळ बार उडवला. बैल बुजले, मी किंचाळले, भटजींच्या हातून पळी पडली. नवरदेव शांतपणे समोर बघत होते. मला वाटलं, काय धीराचा माणूस आहे!

परळच्या चाळीत येऊन तिसरा दिवस उजाडला तेव्हा त्या धीराचा उलगडा झाला. मी तिसऱ्यांदा हाक मारली, यांनी वळूनही पाहिलं नाही, आणि तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "अगो, घसा कशाला फाडतेस? त्याला ऐकू येत नाय."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"आता सांगत्ये ना," सासूबाई म्हणाल्या, आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

मी दोन दिवस रडले. बहिरेपणापेक्षा फसवणूक जास्त लागली होती. शिवाय मी पक्की बडबडी. नवऱ्याला सांगायच्या म्हणून कितीतरी गोष्टी मी महिनाभर मनात साठवून ठेवल्या होत्या. त्या आता सांगायच्या कुणाला?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले. आधी त्यांनी गालात पान धरल्यासारखं तोंड फुगवलं, पोट पुढे काढलं, डोळे बारीक केले, आणि एक हात छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने हवेत गोड गोड काहीतरी वाढायला लागले. माझ्यासमोर मामा बसले होते. हुबेहूब मामा! मला रडता रडता हसू फुटलं. मग त्यांनी मामांना पुसून टाकलं, स्वतः झाले, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले. ज्या कानांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, ते कान धरून त्यांनी माझी माफी मागितली. आता अशा माणसावर किती दिवस रागवायचं?

मी ठरवलं, सावकाश बोलायचं, म्हणजे ओठांवरून त्यांना कळेल. जेवताना तोंड मोठं करून विचारलं, "भात?" ते उठले आणि पाट घेऊन आले. मी मान हलवली, पुन्हा म्हटलं, "भा-त." त्यांनी पाट ठेवला आणि कोपऱ्यातला माठ उचलला. सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "भात, पाट, माठ, ओठांवर सगळी एकच दिसतात गो. हात हलव!" त्यांनी पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मग पानावर मूद पाडली. त्या संध्याकाळी माझा पहिला धडा झाला. मी वाड्याएवढं तोंड करून जे सांगू शकले नाही, ते सासूबाईंनी चुटकीसरशी सांगितलं.

पण ही नुसती घरगुती खाणाखुणांची गंमत नव्हती, हे मला गिरणीच्या दारात कळलं. सासूबाईंचा पाय मुरगळला म्हणून एक दिवस दुपारची भाकरी घेऊन मी गेले. विणायच्या खात्याचं दार उघडलं आणि आवाजाचा असा लोंढा अंगावर आला की मी दोन पावलं मागे गेले. शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकदम खडखडत होते. जमीन पायांखाली थरथरत होती. माझ्या शेजारची बाई कानाशी ओरडत होती, तिचा एक शब्द मला कळला नाही. आणि आत माणसं निवांत गप्पा मारत होती! त्या गप्पांचा अर्थ मला मागाहून कळला. एका साच्यामागून एकाने बोटांनी विचारलं, भाकरीबरोबर काय आहे? दुसऱ्याने दूरवरून हाताची लाट करून सांगितलं, सुकट. आवाजाला कंटाळून सगळे विणकर थोडंफार हातांनी बोलायला शिकले होते. आणि त्या सगळ्यांत फर्डे वक्ते होते आमचे हे. मुकादमाचं पागोटं पट्ट्यात कसं अडकलं आणि त्याच्यामागे मुकादम कसा फरफटत गेला, ही गोष्ट ते सांगत होते आणि पाच-सात जण साचे धरून हसत होते. गोष्ट सगळ्यांना कळत होती. दारात भाकरी घेऊन उभी असलेली मी तेवढी अडाणी होते.

त्या दिवशी मी चंग बांधला. ज्याला बोलायची इतकी हौस, त्याने कुठलीही बोली सोडू नये.

तेव्हा गिरण्यांना रविवारची सुट्टी नुकतीच मिळायला लागली होती. सुट्टीत काय करायचं हे पुष्कळांना कळत नसे. कित्येक जण सवयीने पहाटे उठून भोंग्याची वाट बघत बसत. आमच्या यांना मात्र रविवार पुरत नसे. लालबागच्या अलीकडे एका मोकळ्या मैदानात मोठी चिंच होती. तिच्याखाली मुंबईभरची बहिरी मंडळी जमायची. सात-आठ जण नेहमीचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसं माश्या हाकलताहेत. जवळ गेलं की भांडण, थट्टा, बातम्या, सोयरिकी, सगळा बाजार भरलेला.

तिथे कुणाला नाव नव्हतं. म्हणजे आईबापांनी ठेवलेली होती, पण ती कधी कुणी ऐकलेलीच नव्हती, तर वापरणार कोण? प्रत्येकाला हाताचं नाव. गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक जण होता. चिमटीने हवेतून टिपून काहीतरी उचललं की त्याचं नाव झालं. तो पाद्र्यांच्या शाळेत शिकला होता. तिथे हात मांडीवर ठेवून घशाने बोलायला लावायचे. वर्षभर खपून तो 'बाप' म्हणायला शिकला होता आणि लोकांना ते 'माप' ऐकू यायचं. वाण्याच्या दुकानात त्याने बापाची चौकशी केली तर वाण्याने शेर पुढे केला, ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा.

माहीमच्या कोळीवाड्यातून एक बाई यायची. जड दागिन्यांनी खाली ओढलेल्या कानाच्या पाळीवरून तिचं नाव. पाळी ओढली की ती. ती मासे विकायची, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सरळ पाठ फिरवायची. पाठ फिरवली की समोरच्याचं बोलणं संपलंच. "ही युक्ती मला हवी होती," असं माझी सासू हातांनी आणि तोंडाने, दोन्हीकडून म्हणायची.

यांचं नाव होतं एक भुवई वर. बोटाने भुवई उचलायची, झालं. मला ते फार सोयीचं पडलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, पण हाताने घ्यायला कुणाची बंदी? चाळीतल्या हळदीकुंकवाला बायका 'नाव घे, नाव घे' म्हणून मागे लागल्या तेव्हा मी भुवई उचलून दाखवली. "हिने आम्हाला डोळा मारला!" म्हणून एक म्हातारी रुसून गेली.

मला चिंचेखाली जायला लागून तीन रविवार झाले आणि माझंही नाव पडलं. कोळीणबाईने नाकाचा शेंडा दोन बोटांत धरला आणि मुरडला. सगळे हसले. मी यांना विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, तुला काही पटलं नाही की तू असं करतेस. मी म्हटलं, मुळीच नाही! आणि हे सांगताना माझं नाक मुरडलं गेलं. नाव कायम झालं.

आई-आबांना मी पत्रं लिहायची, पण त्यात यांच्या कानांचा उल्लेख कधी केला नाही. पहिले काही दिवस रागाने केला नाही, पुढे लाज वाटली, आणि नंतर त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच विसरले. 'हे बोलायला फार मोकळे आहेत' असंही एकदा लिहून गेले. शेवटी गावचा एक माणूस परळहून परत गेला आणि त्याने आबांना सांगितलं, तुमचा जावई ठार बहिरा आहे.

आठव्या दिवशी आबा दारात. रविवारची सकाळ होती. अंगात कोट, हातात छत्री, चेहरा तापलेला.

"सामान भर," आबा म्हणाले.

"आबा, बसा तरी."

"बसायला आलो नाही. तुझी फसवणूक झाली आहे. ती माझ्या हातून झाली, मीच ती निस्तरणार."

यांनी वाकून नमस्कार केला, तर आबांनी नजर भिंतीकडे वळवली. मी काय काय सांगत होते, आबा "ते काही नाही, ते काही नाही" एवढंच म्हणत होते. शेवटी सासूबाई त्यांच्या अगदी समोर येऊन ठणकावून म्हणाल्या, "व्याही, लेक तुमची हाय, न्या. पण आधी चिंचेखाली जाऊन या. माणसं बघा, मग न्या."

काय वाटलं कुणास ठाऊक, आबा आले. चिंचेखाली त्यांना दगडावर बसवलं, मांडीवर चुरमुरे दिले. नवा माणूस दिसल्यावर मंडळींना काय आनंद! कोळीणबाई पुढे सरसावली. तिने हातांनी विचारलं, आगबोटीने आलात? आबांनी मान डोलावली. प्रवासात त्रास झाला? डोलावली. तुम्हाला डोक्यावर दोन शिंगं आहेत? आबांनी अगदी गंभीरपणे डोलावली.

मंडळी हसून हसून लोळली. कोळीणबाईने तर्जनी उभी धरली आणि तिचा शेंडा दोनदा वाकवला, होयहोय करणाऱ्या मानेसारखा. आबांना अर्ध्या घटकेत नाव मिळालं होतं.

मला राग आला. मी म्हटलं, त्यांना खुणा कळत नाहीत म्हणून मान डोलावतात.

कोळीणबाई हसायची थांबली. ती म्हणाली, खुणा न कळणारा माणूस भांबावतो, तुझ्याकडे बघतो, नाहीतर उठून जातो. हा डोलावतो. अशी मान डोलवायला शिकायला वर्षं लागतात. आम्ही सगळे शिकलोय.

मी यांच्याकडे पाहिलं. ते आबांकडेच बघत होते. मग त्यांनी सावकाश हात हलवले: यांना ऐकू येत नाही.

येतं! मी म्हटलं.

बाजूला जाऊन बोलून बघ, ते म्हणाले.

मी आबांच्या एका अंगाला, थोडी मागे जाऊन उभी राहिले. मी बोलते आहे एवढं त्यांना कळावं, ओठ दिसू नयेत, अशी. आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आबा, तुमच्या धोतराला आग लागली आहे."

"बरं, बरं," आबा म्हणाले. "होऊ दे सावकाश." आणि चुरमुऱ्यांचा बकाणा भरला.

मी त्यांच्या समोर जाऊन जमिनीवर बसले. "आबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी कानाला बोट लावलं.

आबांनी छत्री जवळ ओढून घेतली. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "उजवा आधी गेला."

"आणि आईला माहीत नाही?"

"ती म्हणते ना, हे माझं ऐकतच नाहीत म्हणून. वीस वर्षं म्हणते आहे. तिला फरक कसा कळणार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "पोरं पाढे म्हणतात. ओठ हलतात, मी डोलावतो. सतरा सक ते काय म्हणतात, देव जाणे. या दिवाळीनंतर डिपोटी साहेब शाळेच्या तपासणीला येणार आहेत. त्यांना कळलं तर माझी शाळा जाईल गं."

मी आबांना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आबा, म्हणजे मुलगा पाहायला आले तेव्हा ओटीवर..."

"मामांचं मला निम्मं ऐकू आलं नव्हतं," आबा म्हणाले. "मुलगा शांत वाटला. मलाही बरंच वाटलं, फार बोलावं लागलं नाही."

मी हे यांना सांगितलं. त्यांनी आबांकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, आणि दोन तर्जन्या समोरासमोर धरून दोन्ही डोलवल्या. त्याचा अर्थ मी आबांना सांगायची गरज पडली नाही. आबा आधी ओशाळले, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग ते असे हसले की चुरमुरे सगळ्या गवतावर सांडले.

आबा पंधरा दिवस राहिले. गिरणी सुटल्यावर जावई सासऱ्याला खुणा आणि युक्त्या शिकवायला बसायचा. भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कुणी बोलणार नाही. उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल अशी जागा धरायची. कुणी दार वाजवलं तर लाकडावर हात ठेवला की कळतं. आणि सगळ्यांत मोठा धडा: कळलं नाही तर मान डोलवायची नाही, पुन्हा विचारायचं. या धड्यात आबा रोज नापास व्हायचे. मान डोलली की हे त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. आयुष्यभर मुलांना छडी दाखवलेले आबा टिचकी खाऊन "चुकलं, चुकलं" म्हणायचे. सासूबाई तर तो तमाशा बघायला शेजारणींना बोलावून आणायच्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मग, सामान भरू का?"

आबांनी कानाला हात लावला. "काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

डिपोटींवर उतारा काढला तो खिळे जुळवणाऱ्याने. त्याला लिहिता येत होतं, आबांनाही. त्यामुळे दोघांची पाटीवरून गट्टी जमली. पाटी इकडून तिकडे फिरत राहायची. आबांनी लिहिलं, शाळेत काय करू? त्याने लिहिलं, मास्तर, आमच्या छापखान्यात कुणी ओरडत नाही, तरी पुस्तकं निघतात. पोरांना पाढे लिहायला लावा.

पुढचं इथेच सांगून टाकते. आबांनी गावी जाऊन तसंच केलं. सगळी शाळा पाट्यांवर लिहायला लागली. डिपोटी आले, शाळेत पेन्सिलींच्या कुरकुरीशिवाय आवाज नाही. ते इतके खूश झाले, की अशी शिस्त तालुक्यात पाहिली नाही असा शेरा लिहून गेले. मात्र सतरा सक एकशे दोन हे त्याआधीची तीन वर्षं एकाही मुलाने बरोबर म्हटलं नव्हतं, असं आबांनी मला पत्रातून कळवलं. आईलाही त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आधीची सतरा वर्षं ऐकू येत होतं तर! आणि दोन दिवस तिने त्यांच्याशी अबोला धरला. तोही त्यांना तिसऱ्या दिवशी कळला.

आबांना पोचवायला आम्ही तिघं धक्क्यावर गेलो होतो. आगबोटीचा कर्णा वाजला आणि धक्क्यावरच्या साऱ्या माणसांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. पत्र पाठवा, डबा सांभाळा, काकूला सांगा. कुणाचं कुणाला काही कळत नव्हतं. बोट सुटली, पाणी रुंदावत गेलं, लोकांचे घसे बसले. आबा कठड्याशी उभे होते. यांनी हात वर करून विचारलं, बसायला जागा मिळाली? आबांनी मान डोलावली नाही. पुन्हा विचार, अशी खूण केली. यांनी पुन्हा विचारलं. मग आबांनी सांगितलं, मिळाली, खिडकीशी, भिंतीला पाठ लावून.

आमच्या शेजारी ओरडून दमलेला एक माणूस तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता.

बोट वळली तेव्हा आबांना आणखी काही सांगायचं होतं. काळजी करू नका, असं असावं. त्याला तळहात छातीवर ठेवून हळू फिरवायचा असतो. पण लाट आली, आबांनी एका हाताने कठडा धरला, दुसरा हात छातीवरून सुटला आणि हवेत वळवळला. वळवळता तळहात म्हणजे मासा. म्हणून त्यांनी एवढ्या लांबून आम्हाला अगदी कळकळीने सांगितलं: मासे करू नका.

सासूबाई मटकन खाली बसून हसायला लागल्या. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी भुवई उचलली, दोन्ही हात उंच केले, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत आबांना सांगत राहिले, करणार, आजच करणार, कोळंबीसुद्धा करणार.